तान्ह्या बाळाची छाती सारखी भरते: कुठल्या तपासण्या, कधी आणि कशासाठी?

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी. मुलगी आठ महिन्यांची आहे. पावसाळा लागल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी एकच चक्र चाललंय. आधी नाक गळतं, मग खोकला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज येऊन पोट उडायला लागतं. लगेच दवाखाना, नेब्युलायझरने औषधाची वाफ, अँटिबायोटिक, कधी स्टिरॉइडचं औषध. एकदा तर ॲडमिट करून ऑक्सिजन लावावा लागला. फाइलवर एकदा 'ब्रॉन्किओलायटिस' (बारीक श्वासनलिकांची सूज) लिहिलंय, एकदा 'न्यूमोनिया', आणि परवा एका डॉक्टरांनी 'बालदमा असू शकतो' म्हणून पंप (इनहेलर) सुचवला. तीन नावं मिळाली, पण हे पुन्हा पुन्हा का होतंय ते कुणीच सांगितलं नाही.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात दात येताहेत. दीर म्हणतात मुंबईला नेऊन सगळ्या टेस्ट एकदाच करून टाका. एका लॅबवाल्याने दूध, गहू, अंडं अशा ढीगभर पदार्थांचं ॲलर्जी पॅनल सुचवलंय. तिला उगाच टोचायचंही नाही आणि काही राहून गेलं असंही व्हायला नको. जन्म पूर्ण दिवसांचा, तेव्हा वजन २.८ किलो, आता ७.१ किलो. लसी सगळ्या वेळेवर झाल्यात. सुरुवात कुठून करायची?

कृष्णाकाठ

मुक्ताताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, मिरजेत प्रॅक्टिस करते. बाळ न तपासता निदान सांगणार नाही, पण आम्ही विचार कसा करतो ते मोकळेपणाने सांगते.

आधी थोडा दिलासा. पहिल्या दोन-तीन वर्षांत धडधाकट मुलालाही वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होते आणि दर वेळचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आपल्याकडे पावसाळ्यात आरएसव्ही नावाच्या विषाणूची साथ असते. तान्ह्यांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद. जरा सूज आली, जरा चिकटा साठला की शिट्टी वाजते. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात मुलांना जन्मापासून वर्षानुवर्षं पाहत राहिले. १९९५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले, त्यात पहिल्या तीन वर्षांत शिट्टी वाजलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबलेला दिसला. म्हणजे अशा बहुतेक बाळांना मोठी तपासणी लागतच नाही.

आपलं बाळ त्या बहुतेकांत आहे की उरलेल्या थोड्यांत, हे ठरतं ते आईच्या हकिकतीवरून. म्हणून मी तुम्हालाच विचारते. दोन आजारपणांच्या मधे ती अगदी ठणठणीत असते का, की थोडी घरघर कायमच असते? आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना? जन्मल्यापासून होता का? रडताना वाढतो आणि झोपेत थांबतो असं होतं का? दूध पिताना ठसका लागतो, कपाळावर घाम येतो, धाप लागून मधेच थांबते, असं काही? शी तेलकट, फार घाण वासाची होते का? प्रत्येक वेळी आधी सर्दी असते, की एखाद्या दिवशी खेळता खेळता अचानक ठसका लागून सगळं सुरू झालं? कान वाहणं, अंगावर गळवं, तोंडात न जाणारी पांढरी बुरशी? बीसीजीची जागा कशी आहे, डाव्या काखेत गाठ आहे का? घरात कुणाला जुना खोकला किंवा टीबी? चूल, अगरबत्ती, मच्छरची कॉइल, विडी-सिगारेट?

आणि आतापर्यंतचे सगळे एक्स-रे शोधून ठेवा. रिपोर्टचा कागद पुरत नाही, फिल्मच हवी. डाग दर वेळी त्याच जागी आहे की जागा बदलतोय, यावरून पुढचा रस्ता ठरतो. पुढच्या वेळी आवाज आला की मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कपडे वर करून, छाती आणि पोट दोन्ही दिसेल असा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आवाज गायब होतो, पण व्हिडिओत तो सापडतो.

सुहास_ठाणे

डॉक्टर, आदर ठेवून विचारतो. हे सगळं विचारत बसण्यात आणखी दोन महिने जातील. माझ्या पुतण्याच्या वेळी आम्ही सीटी स्कॅन, ॲलर्जी, रक्ताचं सगळं पॅनल एका दिवसात करून घेतलं. सगळं नॉर्मल आलं आणि जीव भांड्यात पडला. पैसे गेले, पण झोप लागली. आईबापाच्या मनाचा विचार व्हायला नको का?

कृष्णाकाठ

सुहासजी, मनाचा विचार करूनच सांगते. छातीचा सीटी म्हणजे साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरणं, आणि तान्ह्या शरीराला त्यांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. कारण असेल तर मी तो बेधडक करायला सांगते, 'बघू या काही निघतं का' म्हणून नाही. शिवाय सगळं नॉर्मल आलं तरी प्रश्न सुटलेला असतोच असं नाही. दूध श्वासनलिकेत जात असेल तर ते सीटीत दिसत नाही. श्वासनलिका मऊ असून श्वास सोडताना मिटत असेल, तर भूल देऊन काढलेल्या एका स्थिर चित्रात ते सहज निसटतं.

ॲलर्जी पॅनलचं तर मला मनापासून वाईट वाटतं. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली म्हणजे त्या पदार्थाने छाती भरते असं होत नाही. तो कागद हातात आला की घरचे दूध बंद करतात, अंडं बंद करतात, आणि वाढीच्या वयात बाळ उपाशी राहतं. २०१६ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने दोन वर्षांखालच्या, औषधांना दाद न देणाऱ्या घरघरीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. अंदाजाने पदार्थ तोडू नयेत असं त्यांनीही सांगितलंय.

रानफूल

मुक्ता, 'आवाज जन्मापासून होता का' हा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमच्या मुलाचा होता. श्वास घेतानाही आणि सोडतानाही, करवतीसारखा. खोकला भुंकल्यासारखा. दूध पिताना तो मान अशी मागे टाकायचा की जणू छताकडे बघतोय, आणि मान पुढे घेतली की आवाज वाढायचा. दवाखान्यात दर वेळी वाफ दिली जायची, पण फरक शून्य. दमा असता तर वाफेने थोडा तरी उतार पडला असता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी त्याला दूध पिताना नुसतं बघितलं. स्टेथोस्कोपला हातही लावला नाही. मग बेरियम, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारं पांढरं द्रव, पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिकेवर मागून खोल खाच पडलेली दिसली. पुढे सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, झाली आणि निदान आलं: हृदयातून निघणारी महाधमनी दुहेरी होती आणि तिचं कडं श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्हींना आवळत होतं. ऑपरेशन झालं. आज तो पळतो, भांडतो, सगळं करतो. ऑपरेशननंतरही आवाज लगेच जात नाही, कारण दाबलेली श्वासनलिका मऊ पडलेली असते. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून ते महिने निभावले.

तुझ्या मुलीचं असंच आहे असं मी म्हणत नाहीये. पण जन्मापासूनचा आवाज हा वेगळा धागा आहे, तो सर्दीत गुंडाळला जाऊ देऊ नकोस.

मुक्ता_नाशिक

रानफूलताई, वाचून अंगावर काटा आला. हिचा आवाज जन्मापासून नाही, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सुरू झाला. मधल्या दिवसांत ती हसते, रांगायचा प्रयत्न करते, खिचडी खाते. घाम वगैरे येत नाही. शी साधी. बीसीजीचा व्रण बरा झालाय. घरात टीबी कुणाला नाही.

दोन गोष्टी मात्र आहेत. बाटलीने पाणी किंवा पातळ दूध दिलं की ठसका लागतो, दाट पेज दिली की नाही लागत. आणि आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी अगदी आत्ताआत्तापर्यंत रोज नाकात खोबरेल तेलाचे दोन-दोन थेंब सोडायच्या, नाक मोकळं राहतं म्हणून. दोन एक्स-रे सापडले. दोन्हींच्या रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला वरती डाग लिहिलाय. सासरे सकाळ-संध्याकाळ धूप घालतात.

कृष्णाकाठ

मुक्ताताई, तुमच्या या चार ओळींतून मला जे कळलं ते कुठल्याही पॅनलमधून कळलं नसतं.

उजवीकडे वरचा डाग दोनदा. याचे दोन-तीन अर्थ होऊ शकतात. तान्ह्या मुलांच्या छातीत वरच्या बाजूला थायमस नावाची ग्रंथी चांगली मोठी असते आणि एक्स-रेवर तिची सावली शिडासारखी पसरलेली दिसते. ही निरोगी सावली न्यूमोनिया म्हणून वाचली जाण्याचे प्रसंग येतात. म्हणून फिल्म लहान मुलांचे एक्स-रे रोज वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवा. खरा डाग असेल तर तो मधे पूर्ण साफ झाला होता का, हे बघायला हवं. न्यूमोनियाचा डाग एक्स-रेवरून जायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्याआधी काढलेल्या फिल्ममध्ये जुनाच डाग दिसतो आणि 'पुन्हा न्यूमोनिया' असं नाव पडतं. बाळ पूर्ण बरं असताना, पुरेसे आठवडे जाऊ देऊन काढलेला एक एक्स-रे फार मोलाचा.

आता ठसक्याकडे येते. निजलेल्या बाळाने गिळताना काही श्वासनलिकेत ओढलं तर ते उतरणीने उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाच्या मागच्या बाजूला, किंवा खालच्या भागांच्या वरच्या टोकाला जातं. तुमच्या बाळाच्या डागाची जागा त्याच्याशी जुळते. पातळ पदार्थाला ठसका आणि दाटाला नाही, हेही जुळतं. यासाठीची तपासणी म्हणजे व्हिडिओफ्लुरोस्कोपी. बेरियम मिसळलेलं दूध पातळ-दाट करून पाजतात आणि गिळतानाचा एक्स-रेचा व्हिडिओ घेतात. गिळण्याच्या अडचणी बघणारे थेरपिस्ट शेजारी असतात. कित्येक तान्ह्यांत दूध श्वासनलिकेत जातं पण ठसकाही लागत नाही, अशांच्या बाबतीत तर याशिवाय कळायला मार्गच नसतो. तोवर बाळाला आडवं निजवून काही पाजू नका, आणि दूध दाट करण्याचे प्रयोगही घरी करू नका. ते किती, कशाने, हे तपासणीनंतर ठरतं.

आणि तेल. नाकात सोडलेलं तेल घशातून खाली उतरतं. पाणी गेलं तर खोकून बाहेर टाकता येतं, तेल मात्र गुळगुळीत असल्यामुळे खोकल्याची उबळच येत नाही. ते फुप्फुसात उतरून तिथेच बसतं आणि भोवती सूज धरते. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. अँटिबायोटिकने तो जात नाही, कारण मारायला जंतूच नसतात. आजपासून बंद.

आजी_साताऱ्याची

डॉक्टरीणबाई, मी सत्तरीची आहे. आमच्या घरात पाच पोरं याच हातांवर वाढली. तेल, शेक, वेखंड-ओव्याची धुरी, बोंडल्याने गुटी. सगळी धडधाकट आहेत. मग आमचं सगळंच वाईट कसं? राग नाही, समजून घ्यायचंय. आमच्या नातसुनेला दिवस गेलेत, तिला काय सांगू?

कृष्णाकाठ

आजी, तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. सगळं वाईट मुळीच नाही. अंगाला तेल लावून मालिश करा, बाळाला ऊब मिळते, आईचा स्पर्श मिळतो. ते मी माझ्या पेशंटनाही सांगते. अडचण तेल नाका-कानात घालण्याची आहे. बोंडल्याचंही तसंच: बाळ मांडीवर उताणं, नाक दाबलेलं, रडत असताना तोंडात धार. रडताना श्वासनलिकेचं दार उघडं असतं, त्याच क्षणी गुटी आत जाते. धुरीने ज्या बाळांना काही झालं नाही ती तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. ज्यांना झालं, त्यांच्या आजारपणाशी धुरीचा संबंध त्या काळी कुणी जोडला नाही. नातसुनेला सांगा: मालिश हो, नाकात काही नको, सहा महिने अंगावरचंच दूध, आणि बाळंतिणीच्या खोलीत धूर नको.

कॉइलबद्दलही सांगते. एक मच्छरची कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. बंद खोलीत रात्रभर बाळाच्या उशाशी ती ठेवण्यापेक्षा मच्छरदाणी लावा. धूप-अगरबत्ती देवघरातच, तेही खिडकी उघडी ठेवून.

आरोग्यसखी_गडचिरोली

मी गावपातळीवर काम करते, डॉक्टर नाही. पण एक तपासणी कुठल्याही आईला येते आणि तिला पैसा लागत नाही, ती इथे यायलाच हवी. श्वास मोजणं.

बाळ शांत असताना किंवा झोपेत मोजायचं, दूध पिताना किंवा रडताना नाही. झबलं वर करायचं, पोट नीट दिसलं पाहिजे. पोट एकदा वर-खाली झालं की एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकतं, कारण तान्ह्यांचा श्वास मधेच मंद होतो, मधेच भरभर चालतो. दोन महिन्यांपर्यंत ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त आला, तर श्वास जोरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे हेच. जास्त आला तर परत एकदा मोजून खात्री करा. याच्या जोडीला श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

आमच्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या माणसांना आणि दायांना हेच शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधं उपकरण केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर उपचार सुरू. त्या गावांत मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू, हे काम नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. १९९० मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मुक्ताताई, बाळ बरं असताना झोपेत श्वास किती येतो ते लिहून ठेवा. आजारपणात तोच आकडा कामाला येतो.

आणि पोट उडतंय म्हणून चटके देणं, डागणं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. आमच्याकडे अजून ते ऐकू येतं.

वर्षा_न्यूजर्सी

तेलकट शीचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. माझ्या भाच्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे फुप्फुसात आणि पचनसंस्थेत घट्ट चिकटा साठवणारा आनुवंशिक आजार. तो भारतातच वाढतोय. इथे अमेरिकेत २०१० पासून सगळ्याच राज्यांत नवजात बाळांची टाचेच्या रक्तावर याची चाचणी होते. भारतात ती सरसकट होत नाही, त्यात 'हा गोऱ्यांचा आजार' असा समज. त्यामुळे लक्षणं ओळखणं घरच्यांवर आणि डॉक्टरांवर पडतं.

त्याची भूक प्रचंड होती, वजन वाढत नव्हतं. शी पाण्यावर तरंगायची. पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. खोकला तर होताच. खरी धोक्याची वेळ आली ती उन्हाळ्यात. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, तरी बाळ सुकून गेलं, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम खाली. घामातूनच मीठ निघून जात होतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हाही या आजाराची मुलं अशीच कोलमडून दवाखान्यात आली होती आणि त्यातूनच घामातल्या मिठाकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. १९५९ पासून घामाच्या चाचणीची जी पद्धत ठरली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. हाताला औषध लावून अगदी सौम्य विजेने ते आत सोडतात, अर्धा तास घाम जमवतात, त्यातलं क्लोराइड मोजतात. सुई नाही. ६० किंवा त्याहून जास्त आलं तर आजाराची दाट शक्यता, ३० च्या खाली आलं तर बहुधा नाही, मधलं आलं तर जनुकीय चाचणी.

विदर्भ-मराठवाड्यातल्या पालकांनी हे नक्की लक्षात ठेवा. सारखा खोकला, न वाढणारं वजन आणि उन्हाळ्यात जुलाबाशिवाय सुकणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर घामाची चाचणी विचारा.

मांडवीकाठ

गोव्याहून. टीबीबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून. आमच्या चुलतघरातल्या बाळाचा खोकला महिनाभर हटेना. एक्स-रेमध्ये गाठी फुगून श्वासनलिकेवर दाब आलेला दिसला. घरात टीबी कुणालाच नव्हता, निदान तसंच सगळे समजत होते. आजोबांचा खोकला 'विडीचा खोकला' म्हणून कुणी मोजतच नव्हतं. बाळाचं निदान झालं तेव्हा आजोबांची थुंकी तपासली आणि मूळ सापडलं.

तान्ह्यांना थुंकी काढता येत नाही, ती ते गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीने जठरातलं पाणी काढून तपासतात. ते सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर लावतात. ट्रूनॅटचं यंत्र आमच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी फुकट होते. मुक्ताताई, 'टीबी कुणाला नाही' म्हणताना घरातली सगळी खोकणारी माणसं मोजा, कामाला येणारी मावशी धरून.

सुहास_ठाणे

हे सगळं वाचून माझं मत बदलतंय. पण सामान्य माणसाने क्रम कसा लक्षात ठेवायचा? पाच-सहा आजारांची नावं ऐकून प्रत्येकाला आपल्या बाळात ते सगळे दिसायला लागतील.

कृष्णाकाठ

क्रम हकिकतीतून निघतो, म्हणून एकच यादी सगळ्यांना देता येत नाही. पण साधारण असं.

बाळ मधल्या काळात ठणठणीत, वजनाचा आलेख आपल्या रेषेवर, प्रत्येक वेळी आधी सर्दी: अशा बाळाला काहीच तपासणी लागत नाही. लागला तर एक एक्स-रे. श्वास, वजन आणि वाढ यांवर लक्ष ठेवायचं.

शंका वाटली तर आधी स्वस्त, साध्या गोष्टी. साधं हिमोग्राम, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, पण त्यात लिम्फोसाइट या पेशींचा एकूण आकडा बघायचा. तान्ह्यात तो ३,००० च्या खाली असेल तर प्रतिकारशक्तीचा गंभीर जन्मजात दोष डोक्यात यायला हवा. हा आकडा रिपोर्टवर छापलेला असतो आणि कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. मग इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, पातळी. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं साधारण सहा महिन्यांपर्यंत टिकतात, त्यामुळे काही दोष त्यानंतरच उघडे पडतात. वर्षात दोन खरे न्यूमोनिया झाले तर ही शंका घेणं योग्यच. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या आजारांचं विशेष काम चालतं. घाम, धाप, वजन न वाढणं असेल तर हृदयाची टूडी इको, म्हणजे सोनोग्राफी. हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र असेल तर जन्मतः बाळ बरं दिसतं आणि दीड-दोन महिन्यांनी फुप्फुसात जास्त रक्त जाऊन धाप सुरू होते.

त्यापुढे नेमक्या प्रश्नासाठी नेमकी तपासणी. ठसका असेल तर गिळण्याचा व्हिडिओ. दूध वर येऊन त्रास होतोय अशी शंका असेल तर अन्ननलिकेतलं आम्ल २४ तास मोजणं. नुसत्या बेरियमवर भिस्त ठेवू नये, कारण निरोगी तान्ह्यांचंही दूध वर येतंच. आणि न मोजता महिनोन्‌महिने ॲसिडिटीची औषधं देऊ नयेत. पोटातलं आम्ल जंतू मारतं, ते दाबलं की न्यूमोनियाचा धोका वाढतो.

अचानक ठसक्याची हकिकत असेल तर सगळा क्रम बाजूला. शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी. या वस्तू एक्स-रेवर दिसत नाहीत, एक्स-रे नॉर्मल असू शकतो. ठसक्याची हकिकत पक्की असेल तर तेवढ्यावरच ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, करून बघतात. इथे थांबणं धोक्याचं.

समिधा_औरंगपुरा

ब्रॉन्कोस्कोपी म्हटलं की पोटात गोळा येतो. आमच्या बाळाला सांगितलीय, दहा महिन्यांचा आहे. इतक्या लहान बाळाला खरंच करतात? काय असतं नक्की?

कृष्णाकाठ

करतात, आणि मोठ्या बालरुग्णालयांत अनुभवी हातांत ती बऱ्यापैकी सुरक्षित असते. तुमच्या मनात आहे तो जाड पाइप नाही. तान्ह्यांसाठीचा लवचिक स्कोप साधारण २.८ मिलिमीटर जाडीचा असतो, नाकातून घालतात. बाळाला भूल किंवा गुंगी देतात, भूलतज्ज्ञ शेजारी असतात, ऑक्सिजन चालू असतो. श्वास चालू असताना श्वासनलिका हलताना दिसते, आणि ती मऊ पडून मिटते का हे तेव्हाच कळतं. कुठे बाहेरून दाब आहे का, अन्ननलिकेशी जोडणारी बारीक वाट आहे का, हे बघतात. मग थोडं सलाइन आत सोडून परत ओढून घेतात आणि त्यातल्या पेशी, जंतू, टीबी तपासतात. २०१६ च्या सूचनांत दाद न देणाऱ्या घरघरीसाठी हीच तपासणी सुचवलेली आहे.

तुम्ही डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: यातून नेमकं काय शोधायचंय, ते सापडलं तर उपचार काय बदलेल, आणि नाही सापडलं तर पुढे काय. उत्तरं नीट मिळाली तर निर्धास्तपणे करून घ्या. गंभीर त्रास क्वचित होतो. त्या रात्री ताप येऊ शकतो, ते आधीच सांगतील. बाळाला सध्या सर्दी-ताप असेल तर लपवू नका, तारीख पुढे जाईल पण तेच बरं.

मुक्ता_नाशिक

सगळ्यांना काय म्हणू. थोडी बातमी आहे. दोन्ही फिल्म लहान मुलांच्या रेडिओलॉजिस्टनी पाहिल्या. पहिल्या फिल्ममधली सावली थायमसची आहे म्हणाले, दुसरीतला डाग खरा. बाळ बरं असताना नवा एक्स-रे काढला, डाग बराच विरळ झालाय, पूर्ण गेलेला नाही. लिम्फोसाइट आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही ठीक. गिळण्याच्या व्हिडिओची तारीख मिळाली आहे. ॲलर्जी पॅनल केलं नाही.

मावशींना मीच समजावलं. त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, 'मी सात घरी जाते, सगळीकडे तेल घालते.' आता त्या घरांतही सांगायचं ठरलंय.

एक शंका. दर सर्दीला केमिस्ट खोकल्याचं औषध देतो, त्याने आवाज कमी होतो असं सासूबाईंना वाटतं. आणि पंप दिलाय तो चालू ठेवू का, तपासणी होईपर्यंत?

कृष्णाकाठ

खोकल्याचं पातळ औषध अजिबात नको. २०२५ मध्ये विषारी सिरपमुळे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं गेली, त्यातली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत असं पुन्हा बजावलं. औषध शुद्ध असलं तरी या वयात त्याचा उपयोग नाही, गुंगीने खोकला दबतो आणि चिकटा आतच राहतो. ठसक्याचं बाळ असेल तर ते आणखी वाईट. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेत.

पंप तुमच्या डॉक्टरांनी दिला तसा चालू ठेवा, मनाने बंद करू नका. पण फरक पडतो का ते लिहून ठेवा, कारण फरक न पडणं हीसुद्धा माहितीच आहे. मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरा. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला पाहिजे, पंप एकदा दाबून पाच-सहा श्वास जाऊ द्यायचे, मग दुसरा. रडणाऱ्या बाळाच्या फुप्फुसात औषध फारसं पोहोचत नाही, म्हणून मांडीवर बसवून, शांत असताना द्या. आत स्टिरॉइड असेल तर नंतर तोंड ओल्या कापडाने पुसून घ्या.

व्हिडिओच्या दिवशी बाळ थोडं भुकेलं हवं, किती तास ते ते सांगतील. तिची रोजची बाटली, रोजचं निपल आणि ज्या पेजेने ठसका लागत नाही ती पेज डब्यात घेऊन जा. अनोळखी बाटलीने ती नीट पिणार नाही आणि तपासणी वाया जाईल.

समिधा_औरंगपुरा

धन्यवाद डॉक्टर. तीनही प्रश्न वहीत लिहिलेत. आमच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट शुक्रवारी आहे, बाळाचे जुने एक्स-रे आज माळ्यावरून काढते.